अंगठ्याची चौकशी

डाग साधारण चिंचोक्याएवढा होता. कडेला शाई दाट, मध्ये फिकट, आणि सगळ्यात मिळून एकही रेघ नव्हती. हरिभाऊ कारकुनांनी कागद खिडकीपाशी नेला, तिरपा धरून पाहिला, फुंकर मारली आणि परत आणून टेबलावर ठेवला.

"बाई, हा अंगठा आहे की दौत सांडलीय?"

शालूबाईनं स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. शाई लागूनही तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता. "अंगठाच हाय की. माझाच हाय."

"तुमचा आहे हे मला दिसतंय हो. आफ्रिकेतल्या दरबानच्या साहेबाला कुठं दिसतंय?"

चिकोडीच्या कचेरीत तिचा अंगठा घेण्याची ही तिसरी खेप. तिचा नवरा रवळू दहा वर्षांचा असताना बापाबरोबर आफ्रिकेला गेला होता. बाप नागोजी तिथंच वारला. रवळू तिथंच वाढला, आणि दरबान शहराच्या भाजीबाजारात त्याचा स्वतःचा गाळा झाला. अठ्ठाविसाव्या वर्षी तो लग्नासाठी निपाणीला आला, चार महिने राहिला, आणि परतीच्या परवान्याची मुदत संपायच्या आत बोटीत बसला. "सा म्हैन्यात बोलवून घेतो," म्हणून गेला, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती.

तिथल्या सरकारचा नियम असा की, रहिवाशाची बायको खुशाल येऊ दे. पण येणारी बाई बायकोच आहे, तिच्या नावावर दुसरीच कुणी येत नाही, याची खात्री पाहिजे. मूळ अर्जावर एक अंगठा होता. त्याच्याशी ताडून पाहायला दुसरा अंगठा अंमलदारासमोर घेऊन पाठवा, असं दरबाननं बेळगावला कळवलं आणि बेळगावनं चिकोडीला. चिकोडीनं दोनदा अंगठा पाठवला. दोन्ही वेळा आठ-आठ, नऊ-नऊ महिन्यांनी कागद परत आला, आणि त्यावर शेरा एकच: वाचता येत नाही.

"काम काय करता?" हरिभाऊंनी विचारलं.

"इड्या वळते. वखारीतनं पानं-जर्दा आनायचा आनि घरी वळायच्या. दिवसाला हजार."

"मग बरोबर आहे. तुमच्या रेघा लोकांनी ओढून धूर करून टाकल्या." स्वतःच्या विनोदावर हरिभाऊ हसले, आणि मग त्यांनी फाईलमधून एक जाड कागद काढला. या वेळी दरबाननं मूळ अंगठ्याची मोठी केलेली छबी पाठवली होती. "हे बघा. अर्जावरचा तुमचाच अंगठा. तेव्हा किती सुरेख होता! कसं टपोरं चक्र आहे."

शालूबाई वाकली. विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी कड्यात कडी, मधोमध एक ठिपका, आणि आतून तिसऱ्या कड्याला कापत गेलेली एक तिरपी फट. बोटांवर शंख-चक्रं असतात हे तिनं ऐकलं होतं, पण इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"एवढं सगळं असतंय व्हय अंगठ्यात?"

"असतं. तुमच्यात होतं." हरिभाऊंनी फाईल मिटली. "साहेब म्हणतात, आता शेवटची खेप. पाडव्याच्या आत वाचता येईल असा अंगठा आणा, नाहीतर 'ओळख पटत नाही' असं लिहून प्रकरण बंद करावं लागेल. दोन महिने आहेत. अंगठ्याला सुट्टी द्या."

हा अंगठा आपण कधी दिला, हे शालूबाईला परतीच्या सर्व्हिस मोटारीत आठवेना. पण वखारीच्या वहीत, मोजणीच्या कागदावर, कुठं कुठं तिनं अंगठा उमटवला होता. असेल एखादा विसरलेला, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

निपाणीला पोचली तेव्हा सासू, गुणाबाई, दारातच पानांचे देठ काढत बसली होती. पान खाऊन ओठ लाल, कपाळावर आठी.

"काय म्हनला कारकून?"

"अंगठ्याला सुट्टी द्या म्हनला, आत्याबाई. दोन म्हैनं."

"अगं बया! माझी साठी आली, मला कुनी एक दिवस सुट्टी दिली न्हाय. आनि ह्या बोटभर अंगठ्याला दोन म्हैनं!"

सुट्टी देणं सोपं नव्हतं. विडी वळण्यात सगळा जोर अंगठ्याचा. टेंभुर्णीचं पान अंगठ्यानं दाबायचं, जर्दा अंगठ्यानं सारायचा, गुंडाळी अंगठ्यानं आवळायची, तोंड अंगठ्याच्या नखानं मुडपायचं. शालूबाईनं उजव्या अंगठ्याला धुवट लुगड्याची चिंधी बांधली आणि दोन बोटांवर वळायला बसली. हजाराच्या सहाशे झाल्या, त्याही पोटाळ. वखारीत तपासणीला बसणारी अंबुबाई एक विडी उचलून सगळ्यांना दाखवत म्हणाली, "ही इडी हाय का गाभण म्हस?" बायका हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही चैन पडेना. येता-जाता जी ती विचारू लागली, "कसा हाय गं तुझा पावना? जेवतोय का नीट?"

पाहुण्याची देखभाल शालूबाई मन लावून करत होती. रात्री खोबरेल लावायची, सकाळी चिंधी सोडून बघायची. डोळ्यांना काही कळत नाही म्हटल्यावर ती गल्लीच्या टोकाला परशराम मास्तरांकडे गेली. मास्तर शाळेत शिकवत. रवळूची पत्रं वाचून दाखवायचे आणि उत्तरं लिहायचे तेही तेच. तीन वर्षांपूर्वीचा तो छापील अर्जही त्यांनीच भरला होता. त्यांनी शाळेच्या पेटीतलं भिंग काढून दिलं.

"सरकारी हाय, फोडू नगंस. आनि उन्हात ठेवू नगंस, घर पेटंल."

भिंग हातात आलं आणि शालूबाईचं काम वाढलं. दिव्याची काजळी अंगठ्याला लावायची आणि मास्तरांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर तो अलगद टेकायचा. दर बाजाराच्या दिवशी एक ठसा. पहिल्या आठवड्यात नुसता काळा डाग. दुसऱ्यात नखाच्या कडेला चार-पाच पुसट रेघा, केस पडल्यासारख्या. तिसऱ्यात त्या ठळक झाल्या आणि आत नव्या आल्या. अक्षर येत नव्हतं, म्हणून कुठला ठसा कधीचा हे कळायला ती कागदाच्या कोपऱ्यावर सुईनं भोकं पाडायची. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. रेघा येतात तेव्हा नव्या जागी येत नाहीत. जिथं एक दिसली तिथंच ती पुढच्या आठवड्यात जास्त खोल दिसते. म्हणजे आत कुठंतरी त्या होत्याच, नुसतं वरचं साल गेलं होतं. हे कळलं त्या दिवशी ती एकटीच हसली.

पाचव्या आठवड्यात अंगठा पुरा उमटला. रेघा करंगळीच्या बाजूनं आत शिरत होत्या, मधे वळसा घेत होत्या आणि आल्या बाजूनंच परत निघून जात होत्या. एकही कडं नव्हतं.

शंख होता.

तिनं भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा काजळी लावून पुन्हा ठसा घेतला. शंखच.

मास्तरांना दाखवलं तर ते म्हणाले, "घासून घासून बदललं असंल. नदी न्हाय का पात्र बदलत?"

शालूबाईला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही हे सांगताही येईना. म्हणून तिनं डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचा आधी ठसा घेतला, मग ते बोट पाणी घालून सहाणेवर घासायला बसली. सकाळ-संध्याकाळ, रेघा पार जाईपर्यंत.

गुणाबाई बघत होती. "बोटाचं चंदन उगाळतीस व्हय गं? कुन्या देवाला लावनार?"

"बघतीया, आत्याबाई. घासल्यावर तेच येतंय का दुसरं."

"आनि आलं तर?"

"तर कळंल."

"कळून काय हुतंय?" गुणाबाईनं विचारलं. आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती.

दोन आठवड्यांनी त्या बोटावर रेघा आल्या. दोन्ही ठसे तिनं शेजारी ठेवले. एका जागी दोन रेघांची एक होत होती. दुसऱ्या ठशात त्याच जागी तीच दोनांची एक. घासून काही बदलत नव्हतं. म्हणजे अर्जावरचं चक्र तिचं नव्हतंच, कधीच नव्हतं.

मग कुणाचं?

आता तिला राहवेना. अंबुबाईचा ठसा घेतला. तिचाही अंगठा झिजलेला, पण कडेच्या रेघांवरून शंख कळत होता. मास्तरांनी हसत हसत दिला. "माझा घे, पन मी कशाला तुझ्या अर्जावर अंगठा उठवीन? मला सही येतीय." तोही शंख. राहता राहिली गुणाबाई. एका सकाळी शालूबाई काजळी आणि कागद घेऊन तिच्यापुढं बसली.

"तुमचा बी द्या, आत्याबाई."

गुणाबाईनं हात पदराखाली घेतला. "म्हातारीचा कशाला? माझा कोन सायब मागतोय?" आणि उठून परड्यात निघून गेली.

गुणाबाई कधी विडी वळत नसे. तिला जर्द्यानं खोकला यायचा, म्हणून पानं कापणं आणि देठ काढणं एवढंच तिचं काम. उरलेला वेळ ती पान खायची, आणि चुना लावलेला अंगठा नेमानं दाराच्या चौकटीवर टेकायची. त्या चौकटीवर वीस वर्षांचा चुना होता. बराचसा फरफटलेला, पण काळ्या लाकडावर एक ठसा अगदी नीट उमटला होता, पांढरा, वाळून कडक झालेला. शालूबाई रोज त्याच्याजवळून शंभरदा जात-येत होती. त्या सकाळी, हातात भिंग असताना, ती थांबली.

कड्यात कडी. मधोमध ठिपका. आतून तिसऱ्या कड्याला कापत गेलेली तिरपी फट.

विळ्याची जुनी खूण असणार. गुणाबाईच्या अंगठ्यावर ती होती, भाकरी थापताना कितीदा दिसली होती.

शालूबाई भिंग घेऊन उंबऱ्यावर बसली. शोधलेलं सापडलं की बरं वाटतं, असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तिला आठवलं, अर्ज आला तेव्हा ती बाजूला बसली होती, परड्यात, चार दिवस. मास्तर घरी येऊन अर्ज भरून गेल्याचं तिनं लांबूनच ऐकलं होतं. नंतर गुणाबाई म्हणाली होती, "कागुद धाडला, काळजी करू नगंस." बस, एवढंच. त्यावर अंगठा लागतो, हेही तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी भिंग परत द्यायला गेली तेव्हा तिनं मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुसऱ्याचा अंगठा कागदावर उठवला तर काय हुतंय?"

"दुसऱ्याचा? तुरुंग हुतो," मास्तर म्हणाले. "का गं?"

"काय न्हाय."

पाडवा आठ दिवसांवर आला होता. अंगठा झाकून ठेवला तर ओळख पटत नाही. अंगठा दाखवला तर ती भलतीच बाई ठरते. आणि खरं सांगितलं तर म्हातारीच्या हातात बेडी. शालूबाईनं आठ दिवसांत हे सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं. रवळूचं नवं पत्र आलं होतं. त्यात त्यानं विचारलं होतं, अंगठ्याचं कसं काय, आणि लिहिलं होतं की गाळ्याच्या मागं दोन खोल्या घेतल्यात, खिडकीतून बोटी दिसतात. तिला तो माणूस चार महिनेच ठाऊक होता. बोलताना आधी हसणारा, आईसमोर खाली बघणारा. चार महिन्यांत माणूस किती कळणार? पुढचं तिला बघायचं होतं. ते पुढचं तीन वर्षं टपालातून घडी घालून येत होतं.

चिकोडीला जायच्या आदल्या संध्याकाळी ती गुणाबाईशेजारी पानं निवडायला बसली. गुणाबाई कात्रीनं पानं कापत होती.

"आत्याबाई, माझा शंख निघाला."

गुणाबाईची कात्री थांबली. पुन्हा सुरू झाली. "बरं."

"कागदावर चक्र हाय."

"असंल."

"आठ दिस झालं कळून. मी कुनाला काय सांगितलं न्हाय. उद्या बी सांगनार न्हाय."

गुणाबाईनं हातातलं पान चार ठिकाणी चुकीचं कापलं आणि टाकून दिलं. "उद्या म्या बी येते," एवढंच ती म्हणाली.

चिकोडीचे मामलेदारसाहेब धारवाडकडचे. मराठी बोलत, पण शब्द मोजून. हरिभाऊंनी रुळानं शाई पसरली, शालूबाईचा अंगठा धरून कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवला आणि उचलला. या वेळी रेघ न् रेघ उमटली. "वा!" हरिभाऊ म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी दोन्ही कागद साहेबांपुढं सरकवले.

साहेबांनी मोठं भिंग घेतलं. दरबानची छबी आणि नवा ठसा शेजारी ठेवून खूप वेळ पाहिलं. भिंतीशी बसलेली गुणाबाई जमिनीकडे बघत होती.

"हे दोन अंगठे एका बाईचे नाहीत," साहेब म्हणाले. "तुम्ही शालूबाई कोम रवळू, म्हणजे रवळूची बायको?"

"व्हय."

"मग अर्जावर कुणाचा अंगठा आहे?"

शालूबाई म्हणाली, "मला सांगता यायचं न्हाय, सायब."

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

ती खोटं बोलायची तयारी करून आली होती, पण तोंडातून ते निघेना.

साहेब खुर्चीत मागं टेकले. "बाई, मी तुम्हाला अडवायला बसलो नाही. निपाणीच्या पाच जणांनी जबानी दिलीय, तुमचं लग्न झालं म्हणून. त्यावर माझा विश्वास आहे. पण दरबानचा साहेब जबानी वाचत नाही, अंगठा वाचतो. ज्याचा हा अंगठा आहे त्यानं समोर येऊन सांगितलं आणि घरच्याघरी झालेली चूक असली, तर मी तसं लिहीन, नवा अंगठा जोडीन आणि आजच्या टपालानं बेळगावला पाठवीन. नाही सांगितलं, तर मला लिहावं लागेल की अर्जदार बाई ती नव्हे. मग पुन्हा अर्ज नाही."

हरिभाऊंनी टाक शाईत बुडवला. शालूबाईनं मागं वळून पाहिलं नाही. मुद्दामच. पाहिलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

"लिहा, हरिभाऊ," साहेब म्हणाले. "अर्जदार बाई..."

"थांबा."

गुणाबाई भिंतीला धरून उठली. टेबलापाशी येऊन तिनं उजवा हात साहेबांच्या कागदावरच पालथा ठेवला, मग उलटा केला. अंगठ्याच्या पेरावर विळ्याची जुनी खूण होती.

"माझा हाय त्यो. मास्तर अर्ज भरून गेल्यावर म्या उठवला. ही बाजूला बसलीती, टपाल दुसऱ्या दिवशी जायचं हुतं. म्हटलं अंगठाच पायजे न्हवं, घरातलाच हाय की. आमच्या घरात समद्याला माझाच अंगठा चालायचा."

"आणि नंतर? दोनदा कागद परत आला, तेव्हा नाही कळलं?"

"पैल्यांदा न्हाय कळलं. दुसऱ्या डावाला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "दाल्ला बोटीतनं गेला, त्यो तिकडंच मेला. ल्योक दहा वर्साचा गेला, त्यो मोठा हून चार म्हैन्यासाठी पावना आला. त्या दर्यातनं माझ्याकडं काय आलं न्हाय, सायब, नुसतं गेलं. ही एक मागं राहिली. म्हटलं, सरकारच न्हाय म्हनतंय, तर म्या कशाला व्हय म्हनू? गप बसले. तुमच्या कागदाला म्हैनं लागायचं, मला बरं वाटायचं." तिनं शालूबाईकडे पाहिलं. "हिला कळलंतं. आठ दिस झालं. हिनं तोंड उघडलं न्हाय. उघडलं असतं तर म्या भांडले असते, आनि सोपं गेलं असतं."

शालूबाईचा हात आपोआप पुढं झाला आणि सासूच्या दंडाला लागला. गुणाबाईनं तो झटकला नाही, धरलाही नाही. ती हरिभाऊंकडे वळली, टाकाकडे बोट केलं आणि वखारीत भांडताना लागायचा तसल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"लिवा आता. गुणाबाई कोम नागोजी, ही सांगतीया की ही माझी सून, माझ्या रवळूची बायकू. हिनं जावं. माझी हरकत न्हाय."